मनमाडचे हमाल आणि मराठीचे फॉन्ट : जुन्याशी जुळणारं सॉफ्टवेअर

(लातूर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, अहो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस, सॉफ्टवेअरवर मी काय बोलणार? तर ते म्हणाले, "सर, मागच्या वेळी तुम्हीच तक्रार करत होतात, तुमच्या जुन्या नोट्स कॉम्प्युटरवर उघडत नाहीत म्हणून. त्यावरच बोला." म्हणून आलो. नांदेडहून सकाळच्या एसटीनं निघालो आणि वाटेत विचार करत होतो की सुरुवात कुठून करावी. शेवटी ठरवलं, रेल्वेपासून करू. ज्यांना कॉम्प्युटर कळतो त्यांनी थोडा धीर धरा.

आपल्या दोन गावांची गंमत बघा. नांदेडला रेल्वे आली ती मनमाड-सिकंदराबाद मार्गावर, १९०० च्या सुमारास, निजामाच्या राज्यात. ती मीटरगेज. म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. लातूरला रेल्वे आली १९११ साली, ती बार्शी लाइट रेल्वे. ती त्याहून लहान, नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. आणि मुंबईची मुख्य लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर. म्हणजे नांदेडचा कापूस मुंबईला निघाला की मनमाडला उतरायचा. लातूरचा माल कुर्डुवाडीला उतरायचा. का उतरायचा? माल तोच, देश तोच, इंजिनही कोळशावरच. पण या डब्याची चाकं त्या रुळांवर बसत नाहीत. मग हमाल यायचे. एका वाघिणीतून पोती काढायची, पाठीवर घ्यायची, दुसऱ्या वाघिणीत टाकायची. त्यात वेळ जायचा, पैसा जायचा, पोती फाटायची.

आता यात चूक कोणाची होती? बार्शी लाइटचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप काही वेडा नव्हता. मोठी लाइन टाकायला पैसा लागतो, आणि त्या भागात तेवढी वाहतूक नाही. छोटी लाइन टाकली तर निदान रेल्वे येते तरी. त्याचा निर्णय त्याच्या जागी शहाणपणाचा होता. मीटरगेजवाल्यांचाही होता. प्रत्येकजण आपल्या जागी शहाणा, आणि त्या सगळ्यांच्या शहाणपणाचं ओझं मनमाडच्या हमालाच्या पाठीवर. सॉफ्टवेअरच्या जगात जिथं जिथं नव्याची जुन्याशी गाठ पडते, तिथं मी एकच प्रश्न विचारतो. इथला हमाल कोण?

आता माझ्या नोट्सकडं येतो.

साल साधारण १९९९. भारतीय तत्त्वज्ञानावरच्या माझ्या नोट्स एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या मुलाकडून मी टाइप करून घेतल्या. कृतिदेव नावाचा फॉन्ट होता. प्रिंट सुरेख आली. फ्लॉपी जपून ठेवली, पुढं कोणीतरी ती सीडीवर घेतली. दोन वर्षांपूर्वी नात म्हणाली, आजोबा, हे इंटरनेटवर टाकू. तिनं फाइल उघडली, आणि सगळ्या पानांवर इंग्रजी अक्षरांचा कचरा. 'मराठी' हा शब्द जिथं होता तिथं ई, जे, के, मोठा बी, एच. मला वाटलं फाइल सडली. तर सडली नव्हती. पहिल्या दिवसापासून ती तशीच होती!

हे समजून घेण्यासारखं आहे. त्या काळचा कॉम्प्युटर इंग्रजीसाठी बनलेला. त्याच्याकडं अक्षरांसाठी जेमतेम अडीचशे खोल्या, त्यातल्या बऱ्याच आधीच भरलेल्या. देवनागरी त्याला माहीतच नाही. मग आपल्या लोकांनी युक्ती काढली. कॉम्प्युटरला सांगायचं की हा इंग्रजी 'ई' आहे, पण फॉन्टमध्ये 'ई'च्या चित्राच्या जागी 'म'चं चित्र ठेवायचं. 'जे'च्या जागी 'र'. 'के'च्या जागी काना. कॉम्प्युटर आतमध्ये इंग्रजीच साठवतो, फक्त पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसते. शिवाय या फॉन्टची बटणं जुन्या टाइपरायटरप्रमाणं लावलेली, त्यामुळं टंकलेखकांना नव्यानं शिकावं लागलं नाही. कृतिदेव झाला, शिवाजी झाला, श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे फॉन्ट, असे कितीतरी. या युक्तीला मी नावं ठेवणार नाही. त्या युक्तीवर महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं निघाली, लग्नपत्रिका छापल्या, कचेऱ्या चालल्या.

पण युक्ती म्हणजे सोंग होतं. मराठीनं इंग्रजीचं सोंग घेतलं, आणि प्लॅटफॉर्मनं ते खरं मानलं. खरं मानलं म्हणूनच घोटाळे झाले. वर्डमध्ये परिच्छेद सुरू केला की तो शहाणा प्रोग्राम पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. इंग्रजीत बरोबरच आहे ते. पण कृतिदेवमध्ये लहान 'ई' म्हणजे 'म' आणि मोठा 'ई' म्हणजे अर्धा 'म्'. मग 'मराठी'चं 'म्राठी' होतं. आता हा प्रोग्रामचा दोष की आपला? प्रोग्रामनं त्याला जे सांगितलं तेच खरं धरलं. शोधायला जा, सापडत नाही. अकारविल्हे लावायला जा, तो इंग्रजी वर्णक्रमानं लावतो. आणि एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला की पुन्हा कचरा, कारण प्रत्येक कंपनीनं खोल्या आपापल्या मर्जीनं वाटलेल्या. कापूस तोच, पण प्रत्येक गावाचे रूळ वेगळे.

दुसरा मार्ग होता, तो म्हणजे करार. हा आवाज, हे अक्षर, त्याला हा क्रमांक, आणि तो सगळ्यांनी मानायचा. हे कामही आपल्याकडं त्याच काळात चालू होतं, हे लोक विसरतात. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान, १९८६ चा इनस्क्रिप्ट की-बोर्ड, मग इस्की नावाची प्रमाण संकेतप्रणाली, जी १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि त्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या मांडणीवर बेतलेली होती. म्हणजे करार १९९१ पासून कागदावर होता. मग माझ्या नोट्स १९९९ मध्ये कृतिदेवमध्ये का टाइप झाल्या? कारण करार एकट्यानं पाळून चालत नाही. विंडोजला देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवता येऊ लागली ती विंडोज २००० पासून. पुढं एक्सपी आली तरी त्यात सीडी घालून ती सोय वेगळी चालू करावी लागायची. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर तर मराठीच्या जागी चौकोन दिसायचे. तोपर्यंत छपाईवाल्यानं काय उपाशी बसायचं? सोंग त्याच संध्याकाळी काम देतं. कराराला दहा-वीस वर्षं लागतात.

इथं मला भर्तृहरीची आठवण होते. (हसू नका, माझा धंदाच तो.) वाक्यपदीयात तो ध्वनी आणि स्फोट असा भेद करतो. तुम्ही 'घट' म्हणता, मी म्हणतो, एखादं बोबडं पोर म्हणतं. आवाज तीन, कमीजास्त वेगाचे, वेगळ्या पट्टीतले. पण कळणारा शब्द एकच. जुन्या फॉन्टनं साठवलं ते दिसणारं चित्र, म्हणजे ध्वनीच्या बाजूचं. युनिकोड साठवतो ते अक्षर, चित्र कोणतंही असो. भर्तृहरीला की-बोर्ड ठाऊक नव्हता, त्यामुळं ही तुलना फार ताणू नये, पण भेद समजायला ती उपयोगी पडते.

हा भेद माझ्या नोट्सवर कसा उलटला ते सांगतो. चित्रं साठवली की ती दिसतात त्या क्रमानं साठतात. 'हिंदी' शब्दात पहिली वेलांटी 'ह'च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी, मग 'ह'. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, आधी 'ह', मग वेलांटी. रफाराचं उलट. 'वर्ग'मध्ये रफार 'ग'च्या डोक्यावर शेवटी काढतात, पण उच्चारात 'र' आधी. म्हणजे परिवर्तक, जुन्याचं नवं करणारा प्रोग्राम, नुसती अक्षरं बदलून भागत नाही. वेलांटी उचलून मागं न्यायची, रफार उचलून पुढं आणायचा, आणि मध्ये जोडाक्षर असेल तर ते ओलांडून. आमच्या नातीनं कुठून तरी एक फुकटचा परिवर्तक आणला. त्यानं रफार जागेवरून हलवलाच नाही. 'कर्म'चं झालं 'कमर्'. कर्मसिद्धान्तावरचं माझं अख्खं प्रकरण कमरसिद्धान्त होऊन बसलं! चाळीस वर्षं शिकवलं त्याचं हे फळ.

बरं, हे झालं हिंदीलाही असणारं दुखणं. मराठीचं आपलं एक वेगळं आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. रफार आणि हा आडवा अर्धा र, दोन्ही 'र'च, पण अर्थ पार वेगळा. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यात तर विद्वान आणि स्वयंपाकी इतका फरक. हिंदीला या अर्ध्या 'र'ची गरज पडत नाही. त्यामुळं हिंदी समोर ठेवून केलेल्या साधनात तो सुटून जाण्याचा धोका कायम. युनिकोडमध्ये तो लिहिता येतो, पण गंमत अशी की दोन रीतींनी लिहिता येतो. एक, खाली नुक्ता असलेला 'ऱ' घेऊन. दुसरी, साधा 'र', हलन्त, आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही 'दऱ्या' सारखेच. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. एका रीतीनं शोधलं तर दुसऱ्या रीतीनं लिहिलेलं सापडेलच असं नाही. 'ॲ'चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली. तोपर्यंत लोक 'अ'वर चंद्र देऊन लिहीत होते, काही जण हिंदीसारखा 'ए'वर चंद्र देत होते. आणि युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेला क्रमांक काढून घ्यायचा नाही. योग्यच आहे, नाहीतर जुने लेख वाचताच येणार नाहीत. पण त्याचा अर्थ असा की तिन्ही 'ॲ' जन्मभर आपल्याबरोबर राहणार. करार झाला म्हणून इतिहास पुसला जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, एका म्हाताऱ्याच्या नोट्स वाचता आल्या नाहीत तर काय बिघडलं? काही बिघडलं नाही. पण याच जागी शेतकऱ्याचं नाव ठेवा.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना. शेतकऱ्यानं ऑनलाइन अर्ज भरायचा, बँकेनं तिच्याकडची माहिती द्यायची, आणि दोन्ही जुळवून यादी करायची. कल्पना सरळ होती. पण जिल्हा बँकेची व्यवस्था वेगळी, राष्ट्रीयीकृत बँकेची वेगळी, गावातल्या सोसायटीच्या नोंदी तिसऱ्याच. खातं एका नावानं, आधार दुसऱ्या स्पेलिंगनं, सातबारा तिसऱ्या. त्या दिवाळीत पैसे मिळतील म्हणून आपल्या भागातली माणसं सेवा केंद्रापुढं रांगा लावून होती, आणि ही माहिती एकमेकांशी जुळवता जुळवता पुढं महिने गेले. तिथला हमाल कोण होता ते तुम्ही पाहिलेलं आहे. अंगठा उमटत नाही म्हणून परत जाणारी, पुन्हा येणारी बाई.

माझा एक जुना विद्यार्थी सॉफ्टवेअर करतो. तत्त्वज्ञान सोडून तिकडं गेला, बरं झालं. याच जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं काम त्याच्याकडं होतं. नाव सांगत नाही. जुना प्रोग्राम फॉक्सप्रोमधला, सभासदांची नावं जुन्या फॉन्टमध्ये. नवीन ॲप युनिकोडमध्ये. आणि सरकारी अनुदान येतं ते इंग्रजी स्पेलिंगनं. तो मला म्हणाला, "सर, नवीन ॲप दोन महिन्यांत झालं. जुन्याशी जुळवायला वर्ष गेलं." मी विचारलं, एवढं काय आहे त्यात? तो म्हणाला, "सर, मारोती."

आता नांदेड-लातूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पुस्तकात 'मारुती', आमच्याकडं 'मारोती'. पुस्तकात 'हनुमंत', आमच्याकडं 'हणमंत'. 'व्यंकट' आणि 'व्यंकटी'. इंग्रजीत लिहिताना तर ज्याच्या हाती पेन त्याची मर्जी. या पोरानं आधी कडक नियम लावला, अक्षरन् अक्षर जुळलं तरच तो माणूस तोच. निम्मे सभासद उघड्यावर पडले. मग त्यानं नियम सैल केला. ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या, उकार-ओकार एक धरा. इंटरनेटच्या पायाभरणीतल्या जॉन पोस्टेलनं १९८० साली असाच एक सल्ला लिहून ठेवलाय. स्वतः पाठवताना काटेकोर राहा, दुसऱ्याचं घेताना उदार राहा. इंटरनेट त्या उदारपणावर वाढलं, हे खरं. पण पतसंस्थेत काय झालं? एकाच गावात एक मारोती आणि एक मारुती. आडनाव एक, वडिलांचं नाव गणपतच, पण गणपत दोन वेगळे. उदार प्रोग्रामनं दोघांना एक केलं. एकाची ठेव दुसऱ्याच्या कर्जासमोर दिसायला लागली.

ही चूक कोणी पकडली? संस्थेतल्या जुन्या लेखनिकानं. तो म्हणाला, "अहो, हा वरच्या आळीचा, तो खालच्या आळीचा." आळी हा रकाना कुठल्याच प्रोग्राममध्ये नव्हता. ती फक्त त्या माणसाच्या डोक्यात होती, आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार होता.

तत्त्वज्ञानात आम्ही वर्षानुवर्षं शिकवतो, दोन वस्तू एकच आहेत असं म्हणायला काय लागतं? सगळे गुणधर्म सारखे असले तर त्या एकच, असं लायब्निझ म्हणतो. वर्गात हा प्रश्न फार निरुपद्रवी वाटतो. पतसंस्थेत त्याच्यावर कोणाची तरी म्हातारपणाची ठेव अवलंबून असते. कडक राहिलात तर खरा माणूस बाहेर राहतो, सैल राहिलात तर दोन माणसं एक होतात. या दोन्हींतून सुटण्याचा नियम नाही. पोरानं मग काय केलं, तर तीन गठ्ठे केले. निश्चित जुळलेले, निश्चित न जुळलेले, आणि संशयाचे. संशयाचा गठ्ठा प्रोग्रामनं सोडवायचा नाही, लेखनिकासमोर ठेवायचा. त्यानं निर्णय दिला की त्याचं कारणही लिहून ठेवायचं, आळीसकट. आणि जुन्या नोंदीतलं मूळ अक्षर पुसायचं नाही, नव्याच्या शेजारी तसंच ठेवायचं. मला हे फार आवडलं. वर्ष गेलं म्हणून संस्थेच्या संचालकांनी त्याचं बिल कापलं, ते सोडा.

हे सगळं संस्था बंद ठेवून करता येत नाही, हेही लक्षात घ्या. सकाळी दहाला काउंटर उघडतो. व्हिएन्ना मंडळातल्या ऑटो न्यूरॅथचा एक दृष्टान्त आहे. आपण खलाशी आहोत, आणि जहाज भर समुद्रात दुरुस्त करायचं आहे. गोदीत नेऊन नव्यानं बांधायची सोय नाही. एक फळी काढायची तर बाकीच्या फळ्यांवर उभं राहूनच. त्यानं ते ज्ञानाबद्दल म्हटलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना मी सांगतो तेव्हा ते म्हणतात, सर, हे तर आमचं रोजचं.

चांगलं उदाहरण द्यायचं तर यूपीआय. २०१६ साली आलं. वजिराबादच्या पानवाल्याकडं किंवा इथं गंजगोलाईत भाजीवाल्याकडं जा. त्याचं खातं एका बँकेत, तुमचं दुसऱ्या, ॲप तिसऱ्याचं, पण पैसे जातात. कुठल्याही बँकेला तिची आतली व्यवस्था मोडायला लावली नाही. सांध्यावर काय बोलायचं तेवढं ठरवलं आणि ते सगळ्यांवर बंधनकारक केलं. मनमाडला उतरवणं-चढवणं आहेच, पण ते आता यंत्र करतं, क्षणात, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्थात कधी पैसे अडकतात तेव्हा लागतो! तेव्हा ही बँक त्या बँकेकडं बोट दाखवते आणि ती बँक ॲपकडं. सांध्याची मालकी कोणाची, हा प्रश्न तिथंही सुटलेला नाही.

पुन्हा रेल्वेवर येतो, कारण लातूरला येऊन हे न सांगणं बरोबर नाही. १९९२ मध्ये रेल्वेनं युनिगेज प्रकल्प घेतला. त्या दशकात आमची मनमाडची लाइन ब्रॉडगेज झाली. तुमची कुर्डुवाडीची लाइन २००८ पर्यंत झाली. तेव्हा अनेकांना वाटलं, एवढा खर्च कशाला, गाडी चालूच होती की. मग २०१६ चा उन्हाळा आला. राजस्थानात कोट्याला तेलाच्या वाघिणी वाफेनं धुऊन काढल्या, त्या मिरजेला आणल्या, पाणी भरलं, आणि एप्रिलमध्ये जलदूत लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. आता मार्ग बघा, मिरज ते लातूर. नेमकी जुनी बार्शी लाइट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रूळ जुनेच असते तर कोट्याची वाघीण मिरजेलाच थांबली असती. ज्यांनी रुंदीकरण केलं त्यांच्या मनात पाणी नव्हतं. त्यांनी फक्त आपली लाइन बाकीच्या देशाशी जुळवली होती.

(प्रश्नोत्तरांतून)

एका मुलीनं चिठ्ठीवर विचारलंय, "सर, जुनं सगळं एकदाच टाकून देऊन नवीन का करत नाहीत?" बाळ, टाकून देता येतं, आपल्या एकट्याचं असेल तर. कचेऱ्यांतून आजही टाइपरायटरच्या सवयीची बोटं काम करतात. त्यांच्यासाठी तोच जुना की-बोर्ड ठेवून आत युनिकोड साठवायची सोय झाली, तेव्हा कुठं बरीच मंडळी वळली. बोटांना त्रास दिला नाही, साठवण बदलली. टाकून द्यायचंच म्हटलं असतं तर ती अजून कृतिदेवमध्येच असती.

आणि शेवटची चिठ्ठी. माझ्या नोट्सचं काय झालं? कमरसिद्धान्त दुरुस्त झाला. त्या विद्यार्थ्यानंच दुसरा परिवर्तक लिहून दिला, त्यात रफार जागेवर बसतो. निम्मी पानं मी तपासली आहेत, छापील प्रत शेजारी ठेवून, रोज सकाळी चार-पाच पानं. आडवा अर्धा र अजून काही ठिकाणी चुकतोय. ते शब्द तो वेगळ्या रंगानं दाखवतो आणि निर्णय माझ्यावर सोडतो. माझा संशयाचा गठ्ठा आहे तो. सध्या वेदान्तापर्यंत आलोय.